मोशीहून एका दिवसात मटेरुनी : धबधबा, चाग्गांच्या वाड्या आणि कॉफी (टांझानिया)

अबोली

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मोशीत (किलिमांजारोच्या पायथ्याचं शहर) एक पूर्ण दिवस मोकळा आहे. चौघे आहोत : आम्ही दोघं, सासूबाई (वय ६४, गुडघे बरे आहेत पण उतारावर सावकाश चालतात) आणि १० वर्षांचा मुलगा. सगळे शाकाहारी. किलिमांजारो चढायचा नाही.

मोशीतले टूरवाले दोन पर्याय देत आहेत. एक, फक्त मटेरुनी : धबधबा, कॉफी आणि जेवण. दुसरा, सकाळी मटेरुनी आणि दुपारी चेमकाचे गरम झरे. कोणता घ्यावा? चालणं किती आहे? जेवणाचं काय? आणि पैसे ठरवताना काय विचारून घ्यावं?

उगाली

ऑगस्ट चांगला निवडलात. मार्च ते मे मोठा पाऊस (मसिका), नोव्हेंबरच्या आसपास छोटा पाऊस (वुली). ऑगस्ट कोरडा आणि थंड असतो आणि कॉफीची तोडणीही त्याच दिवसांत चालू असते. त्या भागात साधारण जुलै ते डिसेंबर लाल फळं झाडावर सापडतात. एप्रिलमध्ये गेलात तर कॉफीचा निम्मा कार्यक्रम साठवलेल्या बियांवर उरकावा लागतो.

ऑगस्टची एकच अडचण म्हणजे ढग. किलिमांजारोचं शिखर (५,८९५ मीटर) पहाटे स्वच्छ दिसतं आणि दिवस वर आला की झाकलं जातं. मोशीतूनच सकाळी साडेसहा-सातला गच्चीवरून बघून घ्या. मटेरुनीला गेल्यावर दिसेल म्हणून थांबू नका. तिथे तुम्ही डोंगराच्या अंगावरच असता आणि समोर झाडी असते.

मटेरुनी मोशीच्या उत्तरेला, उरू भागात. अंतर सुमारे १५ किलोमीटरच, पण चढाचा रस्ता आहे, त्यामुळे गाडीला पाऊण तास धरा. मोशी समुद्रसपाटीपासून ८००-९०० मीटरवर आहे, गाव त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर. एवढ्या उंचीवर विरळ हवेचा त्रास होत नाही. थंडी मात्र जाणवते, सासूबाईंना स्वेटर हवाच.

गावापासून धबधब्यापर्यंत साधारण पाऊण ते एक तास चालायचं, परतताना तेवढंच. वाट लाल मातीची, केळी आणि कॉफीच्या वाड्यांमधून जाते, पुढे दरीच्या कडेने अरुंद होते. शेवटचा टप्पा दगडांचा आणि ओला. ६४ वर्षांच्या, चालायची सवय असलेल्या बाईंना जमण्यासारखं आहे, फक्त त्यांच्यासाठी सव्वा तास धरा आणि गाइडला हे आदल्या दिवशी सांगा. ऐनवेळी सांगितलं तर गाइड इतरांच्या वेगाने निघतो आणि मागचा माणूस एकटा पडतो. गावात लाकडी काठी मिळते, ती उतारावर खरोखर कामाची आहे.

चपला नकोत. गुळगुळीत तळव्याचे जॉगिंगचे बूटही नकोत. ती लाल माती ओली झाली की साबणासारखी होते. खाचा असलेला तळवा हवा.

सह्यपुत्र

धबधब्याखाली काय काळजी घ्यायची ते लिहितो, कारण तिथे पोचल्यावर सगळे घाईत असतात.

उंची ७०-८० मीटरच्या घरात सांगतात. एवढ्या उंचीवरून पडणारं पाणी खाली येताना वारा घेऊन येतं. कुंडाच्या काठावर उभं राहिलं तरी दोन मिनिटांत माणूस भिजतो. मोबाइल आणि कॅमेरा पिशवीतून काढायचा तो लांबूनच, फोटो झाला की परत आत. भिजायचं नसेल तर वीस-पंचवीस पावलं मागे थांबा.

कुंडात उतरता येतं. पाणी डोंगरावरून थेट येतं, अतिशय थंड. मुलाला पाच मिनिटांच्या वर ठेवू नका, आधी पाय, मग कंबर असं उतरवा. एकदम उडी मारली की श्वास अडकतो. धारेच्या बरोबर खाली कुणीही जायचं नाही. पाण्याबरोबर वरून दगड आणि फांद्या येतात, त्यांचा आवाज पाण्याच्या आवाजात ऐकूच येत नाही. आदल्या रात्री वर पाऊस झाला असेल तर पाणी गढूळ तपकिरी दिसेल. तसं दिसलं तर कुंडात अजिबात उतरायचं नाही, बघून परत फिरायचं.

सोबत : टॉवेल, मुलाचे कोरडे कपडे, कोरडे मोजे. ओल्या मोज्यांनी परतीचा चढ चढला की टाचेला फोड येतात.

कॉफीवेडा

धबधबा सुंदर आहे, पण आपल्याला सह्याद्रीत असे बघायला मिळतात. मटेरुनीचा खरा गाभा वाडी आणि कॉफी. ती वेळ कुणाला कापू देऊ नका.

चाग्गा म्हणजे किलिमांजारोच्या उतारावर राहणारा स्थानिक समाज. त्यांच्या घराभोवतीच्या वाडीला किहाम्बा म्हणतात. कोकणातली वाडी किंवा गोव्यातलं कुळागर ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ती पाहताक्षणी ओळखीची वाटेल. सगळ्यात वर सावलीची उंच झाडं, त्याखाली केळी, केळीखाली कॉफी, आणि अगदी जमिनीलगत अळू, रताळी, भाजी. गाय-शेळ्या गोठ्यातच बांधलेल्या. केळीचा पाला त्यांना खायला, त्यांचं शेण केळीला. जमीन फार कमी, म्हणून थरावर थर. याच डोंगरावरच्या शिम्ब्वे जुऊ इथल्या किहाम्बा पद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा शेतीवारसा म्हणून मान्यता दिली आहे. गाइडला सांगा, "वाट सोडून एका वाडीत आत नेऊन चारही थर दाखव." बहुतेक गाइड सांगितलं तरच थांबतात.

वाटेत पाण्याचे पाट दिसतील. त्यांना म्फोंगो म्हणतात, अनेकवचन मिफोंगो. वरच्या ओढ्याचं पाणी वळवून उतारावरून घराघरांपर्यंत आणलेलं, आणि पाणी पाळीने घ्यायचं. धुळे-नाशिककडे पांझरा-मोसमच्या काठची फड पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांनी इथे जरूर रेंगाळावं. पाट कुणी साफ करायचा, पाळी चुकली तर काय, हे गाइडला विचारा. फार रंगून सांगतात.

आता कॉफी. त्याला दीड ते दोन तास हवेत. क्रम असा :

लाल पिकलेलं फळच तोडायचं. हिरवं फळ कडवट-तुरट चव देतं आणि यंत्रात नीट सोललं जात नाही. फळ हाताने फिरवायच्या यंत्रात घातलं की साल आणि गर एका बाजूला, चिकट बिया दुसऱ्या बाजूला. त्या बिया एक-दोन दिवस आंबवतात. उंचीवर थंडी असल्याने खालच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग धुऊन जाळीच्या मांडवावर उन्हात वाळवायच्या, आठवडा ते पंधरा दिवस, ओलावा ११-१२ टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे तुम्ही सकाळी तोडलेली कॉफी दुपारी पिता येत नाही. पुढची पायरी आधी वाळवलेल्या बियांवर होते. यात फसवणूक नाही, कॉफी अशीच बनते.

वाळलेल्या बीवर कागदासारखं टरफल असतं. ते लाकडी उखळात मुसळाने कांडून काढतात. उखळ म्हणजे किनू, मुसळ म्हणजे म्ची. इथे सगळे जण "ट्वांगा, ट्वांगा" (कांड, कांड) म्हणत गाणं धरतात आणि पाहुण्यांच्या हातात मुसळ देतात. मुसळ उभं सोडायचं, वजन त्याचंच वापरायचं. जोराने हाणलं तर बी फुटते, आणि फुटलेला तुकडा भाजताना आधी जळतो. मग सुपात पाखडणं. सासूबाईंच्या हातात सूप द्या, तिथल्या बायका खूश होतील, कारण पाहुण्यांना पाखडता येणं दुर्मीळ.

भाजणं तीन दगडांच्या चुलीवर, मडक्यात किंवा पातेल्यात, १५-२० मिनिटं, सतत हलवत. आधी गवताळ वास, मग भाजक्या पावासारखा, मग तडतड आवाज. आच मोठी ठेवली की बाहेरून काळी आणि आतून कच्ची राहते, तीच कॉफी पोटात आंबट लागते. तडतड सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांत उतरवायला सांगा. पाहुण्यांना 'कडक' आवडते असं समजून बऱ्याचदा कोळसा होईपर्यंत भाजतात. भाजलेली परत उखळात कुटायची, चाळायची, पाण्यात उकळायची, गाळ खाली बसू द्यायचा. दूध नसतं. हवं असेल तर आधी सांगावं लागतं.

हिशेब म्हणून : एक किलो कच्च्या कॉफीबीला पाच-सहा किलो ताजी फळं लागतात, आणि भाजताना वजन आणखी १५-२० टक्के घटतं. हे डोळ्यांनी पाहिलं की पुडीच्या किमतीवर घासाघीस करावीशी वाटत नाही.

अबोली

@कॉफीवेडा, फारच उपयोगी. ही कॉफी तिथलीच की बाहेरून आलेली? मुलगा हमखास विचारेल.

कॉफीवेडा

बाहेरून आलेली. १९व्या शतकाच्या अखेरीस कॅथलिक मिशनऱ्यांनी याच डोंगराच्या उतारावर किलेमा इथे अरेबिका जातीची कॉफी लावली. चाग्गा शेतकऱ्यांनी ती आपल्या केळीखाली नेली, मळे करून नव्हे, वाडीत मिसळून. १९२५ मध्ये त्यांनी लागवडदारांचा संघ काढला आणि १९३३ मध्ये त्यातून किलिमांजारो नेटिव्ह को-ऑपरेटिव्ह युनियन झाली, आफ्रिकेतल्या जुन्या सहकारी संस्थांपैकी एक. तिचं मुख्यालय मोशीतच आहे. सहकाराचं महत्त्व महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मुलाला आवडेल अशी एक गोष्ट : तिथे लावतात त्यातली केंट नावाची जात म्हैसूर भागातल्या कॉफीच्या मळ्यात निवडली गेली आणि तिथून पूर्व आफ्रिकेत पोचली.

आणि त्याला पीबेरी शोधायला लावा. फळात एरवी दोन चपट्या बिया असतात. कधी एकच राहते आणि ती गोल होते. ती वेगळी जात नाही, त्याच झाडावर येते, फक्त वेचून वेगळी विकतात.

झाडं बरीच म्हातारी झाली आहेत. पानावर तांबेरा आणि फळावर कॉफी बेरी डिसीज ही तिथली दोन मोठी दुखणी. मोशीजवळ ल्यामुंगूच्या संशोधन केंद्राने रोगाला टिकणारी बुटकी झाडं काढली आहेत. वाडीत जुनी आणि नवी दोन्ही शेजारी दिसली तर पानांची मागची बाजू पाहा, नारिंगी भुकटी दिसली की तो तांबेरा.

रानमेवा

जेवणाचं मी लिहिते. मटेरुनीचं जेवण घरगुती असतं : भात, उसळीसारखे घेवड्याचे दाणे, म्चिचा (आपल्या माठ-राजगिऱ्याची भाजी), अवोकाडो, उगाली (मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा), आणि केळ्याचा एखादा पदार्थ. अडचण केळ्यातच आहे. ‘म्तोरी’ हे केळ्याचं दाट सूप दिसतं शाकाहारी, पण मांसाच्या रश्शात शिजतं. ‘न्दिझी न्यामा’ म्हणजे सरळ केळी-मांस. तुम्हाला हवी आहे ‘किबुरु’, केळी आणि घेवड्याची. ती मागा.

स्वाहिलीत "न्यामा" म्हणजे मांस, पण बऱ्याच ठिकाणी कोंबडी आणि मासे त्यात धरत नाहीत. म्हणून पूर्ण वाक्य म्हणायचं : "सीली न्यामा, कुकु, वाला समाकी", म्हणजे मी मांस, कोंबडी वा मासे खात नाही. अंडं नको असेल तर "मायाई" जोडा. कांदा-लसूण नको असेल तर "बिला कितुंगुउ, बिला कितुंगुउ साउमु". हे बुकिंग करताना सांगा, कारण गावात सकाळीच चूल पेटते. दुपारी बाराला सांगून स्वयंपाक बदलत नाही.

एक फार छान दुवा : चाग्गांचं पारंपरिक पेय म्बेगे. पिकलेली केळी शिजवून, काही दिवस आंबवून त्यात मोड आलेल्या उलेझीच्या पिठाची पेज घालतात. उलेझी म्हणजे आपली नाचणी! तिचं मूळ घर पूर्व आफ्रिकेचे डोंगरच, आपल्याकडे ती तिथून आली. कडवटपणासाठी म्सेसेवे नावाच्या झाडाची साल घालतात. म्बेगे ताजंच प्यायचं असतं, लवकर आंबट होतं. चव दाट, आंबट, थोडी कडू. मद्य आहे हे लक्षात ठेवा, मुलाला नको. भोपळ्याच्या एकाच पात्रातून सगळ्यांना देण्याची रीत आहे, पोट नाजूक असेल तर वेगळा पेला मागितला तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

उगाली

@रानमेवा, उत्तम. दोन रीतीभातीच्या गोष्टी जोडतो.

वडीलधाऱ्यांना भेटल्यावर "शिकामू" म्हणायचं, ते "मराहाबा" म्हणून उत्तर देतात. मुलाने गावातल्या प्रत्येक आजी-आजोबांना म्हणावं. सासूबाईंना लोक "शिकामू" म्हणतील, त्यांना "मराहाबा" पाठ करून ठेवा. त्या एका शब्दावर घरातलं बोलणं मोकळं होतं.

गाइड वाटेत "मसाले" दाखवेल तेव्हा मसाल्याचं झाड समजू नका. मसाले म्हणजे ड्रॅसीना, आपल्याकडे नर्सरीत कुंडीत मिळते ती. चाग्गांमध्ये ते पवित्र झाड. वाडीच्या हद्दीवर लावतात, आणि भांडण झाल्यावर त्याचं पान घेऊन गेलं की ती क्षमायाचना असते, ती नाकारणं कठीण. त्याची पानं गंमत म्हणून तोडू नयेत.

फोटो काढण्याआधी "नावेझा कुपिगा पिचा?" विचारा. मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नका. द्यायचंच असेल तर गाइडमार्फत शाळेत वह्या.

डोंगरवाटा

चेमकाबद्दल कुणी बोललं नाही. माझं मत थोडं वेगळं आहे, १० वर्षांचा मुलगा असेल तर चेमका त्याला मटेरुनीपेक्षा जास्त आवडेल. निळं, तळ दिसेल इतकं स्वच्छ पाणी, झाडांची मुळं, दोरीचा झोका, पायाला टोचणारे छोटे मासे.

उगाली

@डोंगरवाटा, आवडेल हे खरं, पण एकाच दिवसात नको. मटेरुनी मोशीच्या वर डोंगरात, चेमका खाली कोरड्या सपाटीवर बोमा न्गोम्बेच्या बाजूला. म्हणजे डोंगर उतरून मोशीत यायचं, अरुशाच्या रस्त्याने पश्चिमेला जायचं, मग महामार्ग सोडून धुळीच्या कच्च्या रस्त्याने आत. दीड तास तरी गाडीत. हा वेळ कुठून निघतो? कॉफीतून. जोड टूरमध्ये कॉफी चाळीस मिनिटांत उरकतात : कांडणं दोन ठोके, भाजणं आधीच झालेलं, गरम पाण्यात पूड. कॉफीवेडाने वर जे लिहिलं आहे त्यातलं काहीच हाती लागत नाही.

शिवाय चेमका 'गरम झरे' म्हणून विकतात, पाणी कोमट आहे, गरम नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांना शेक मिळेल या अपेक्षेने जाऊ नका. दुसरा अर्धा दिवस असेल तर चेमका स्वतंत्र करा, सकाळी लवकर, गर्दीच्या आधी. मुळं शेवाळाने निसरडी असतात आणि मध्ये खोल आहे, मुलाला पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट.

डोंगरवाटा

पटलं. दोन दिवस असतील तरच, असं म्हणतो.

हिशेबनीस

पैशांचं. दर बदलत राहतात, म्हणून आकड्याऐवजी काय विचारायचं ते लिहितो. एका रकमेत पाच गोष्टी असतात : गाडी, मोशीचा गाइड, गावाचं प्रवेशशुल्क, कॉफीचा कार्यक्रम, जेवण. या पाचही धरल्या आहेत का हे लेखी विचारा. 'स्वस्त' टूरमध्ये बहुतेक वेळा प्रवेशशुल्क आणि जेवण बाहेर ठेवलेलं असतं आणि ते गावात पोचल्यावर कळतं. गावाचा वेगळा गाइड मिळणार का तेही विचारा. वाडी आणि पाटांबद्दल तोच नीट सांगू शकतो.

टांझानियात २०२५ पासून देशातले व्यवहार शिलिंगमध्येच करायचा नियम आहे. गावात शिलिंगच ठेवा, सुट्या नोटा. मोजणं मराठी माणसाला सोपं : १,००,००० ला स्वाहिलीत "लाकी" म्हणतात, आपला लाखच. पैसे म्हणजे "पेसा", गाडी म्हणजे "गारी", दुकान म्हणजे "दुका". हजाराला "एल्फु". बदलून घ्यायला डॉलर नेणार असाल तर नव्या, न फाटलेल्या नोटा, २००९ च्या आधीच्या नोटा बरेच जण घेत नाहीत.

मोशीहून गावाकडे दालादालाही (शेअर मिनीबस) जातात, पण चौघांत, वयस्कर माणूस आणि लहान मूल असताना स्वतंत्र गाडी घ्या. वरचा रस्ता ओला असेल तर चारही चाकांना जोर असलेलीच गाडी हवी, हे ठरवताना स्पष्ट करा.

रानमेवा

निघण्याआधीचं थोडं, कारण यात दरवर्षी कुणी ना कुणी अडकतं :

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, दाखला आता आयुष्यभर चालतो. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर दाखला हातातल्या बॅगेत ठेवा. परतताना भारतात विमानतळावर मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ६० च्या पुढच्यांना ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात, म्हणून सासूबाईंचं आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. नको म्हणाले तर तसं प्रमाणपत्र लेखी घ्या. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा, मोशीत डास आहेत.

टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. चकल्या-शंकरपाळे डब्यात किंवा कापडी पिशवीत.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. मग फक्त मटेरुनी ठरलं. निघायची वेळ किती ठेवू? आणि कॉफी घरी आणता येईल ना?

उगाली

मोशीहून ८ ला निघा. पावणेनऊला गाव, सव्वादहापर्यंत धबधबा, तिथे पाऊण तास, बारा-साडेबाराला परत. मग जेवण, नंतर कॉफी. कॉफीला छप्पर असतं, दुपारी भुरभुर आली तरी बिघडत नाही. उलटा क्रम लावला तर दुपारी थकल्या पायांनी ओली वाट उतरावी लागते. चार-साडेचारला मोशी.

कॉफीवेडा

आणता येईल, पण भाजलेली आणि बंद पुडीतली. कच्च्या बिया किंवा रोप आणू नका, त्याला वनस्पती विलगीकरणाची परवानगी लागते आणि विमानतळावर काढून घेतात. गावात कुटलेली पूड जाडसर असते आणि आठवड्याभरात तिचा सुगंध उडतो. म्हणून पूड न घेता भाजलेल्या अख्ख्या बिया घ्या, तुमच्यासमोर भाजलेल्या असल्या तर पूर्ण गार होऊन मगच पुडीत भरायला सांगा. गरम भरल्या तर पुडीला आतून घाम येतो. घरी मिक्सरला थांबत थांबत फिरवा, एकसलग फिरवलं तर पूड तापते.